लीनाचा ‘ध’चा ‘मा’

लीना साळवेला बहारीनला येऊन एकोणीस वर्षं झाली होती. या एकोणीस वर्षांत ती स्वतःचं म्हणून जेवढं बोलली असेल, त्याच्या दुप्पट तिनं दुसऱ्यांचं बोलणं तिसऱ्यांच्या कानावर घातलं होतं. नोकरी मनामाच्या नईम भागातल्या एका दातांच्या दवाखान्यात. डॉक्टरांच्या हातात हत्यारं द्यायची, पेशंटच्या तोंडात थुंकी ओढायची नळी धरायची, हे पगाराचं काम. पण पेशंट देशोदेशीचे. बांगलादेशी गवंडी, नेपाळी वॉचमन, लंकेहून घरकामाला आलेल्या बाया. दाढ ठणकायला लागली की माणूस आपल्या आईच्या भाषेत विव्हळतो, तिथं इंग्रजी चालत नाही. मग डॉक्टर हाक मारायचे, ‘‘लीना, बघ गं काय म्हणतेय ही.’’ आणि लीना बघायची.

सिंहली ती लग्नाआधी शिकली. पहिली दोन वर्षं तिची खोली दोन लंकन मुलींबरोबर होती. सिंहलीत दाताला दत म्हणतात. कानाला कन, हाताला अत, गावाला गम आणि भाताला बत. लीनाला वाटलं, हे तर आपलं मराठीच, नुसतं बोळक्या तोंडानं बोललेलं. तिनं मग शिकायची एक युक्तीच काढली. कानावर पडलेल्या शब्दाच्या जवळचा मराठी शब्द शोधायचा आणि पुढं जायचं. दहांतल्या आठ वेळा बरोबर यायचं. उरलेल्या दोन वेळा काय व्हायचं, ते तिला कधी कळलंच नाही, कारण दवाखान्यात बोट दाखवूनही भागतं. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात ते हेच. पण तिला ते सांगणार कोण? सिंहली येणारी दुसरी भारतीय बाई आसपास नव्हती.

साळवे मूळचे नगर जिल्ह्यातले. लीनाचं माहेरही तिथलंच. दोन्ही घरं चार पिढ्यांची ख्रिस्ती. लीनाचे पणजोबा मोठ्या दुष्काळात बाप्तिस्मा घेतलेले, जेव्हा मिशनच्या आवारात खडी फोडणाऱ्याला बाजरी मिळायची. गाव ते विसरलं नाही. शाळेत एका मुलीनं लीनाला विचारलं होतं, ‘‘तुमचा देव पायलीनं मोजून मिळाला ना गं?’’ लीना रडत घरी आली, तेव्हा तिचे शिक्षक वडील शांतपणे म्हणाले, ‘‘पोटासाठी आले असतील, बाळ. पण दुष्काळ सरल्यावर राहिले, ते पोटासाठी नव्हे.’’ या एका वाक्यावर लीनानं पुढची चाळीस वर्षं मान ताठ ठेवली. कुणाला भाकर दाखवून देवाकडे आणायचं नाही, हे तिनं स्वतःशी पक्कं ठरवलं होतं. ठरवलेलं माणसाच्या लक्षात राहतं, हातून मात्र तसं होतंच असं नाही.

दर शुक्रवारी मनामातल्या एका भाड्याच्या हॉलमध्ये त्यांची मंडळी जमायची. पास्टर राजन हा मूळचा नागरकोविलकडचा, आठवडाभर एका बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर आणि शुक्रवारी पाळक. माणूस वाईट नव्हता आणि हीच खरी अडचण होती. वाईट माणसाला टाळता येतं. मालकाचं घर सोडून पळालेल्या बायांसाठी पोलीस स्टेशनात तासन्‌तास बसणारा, मेलेल्या मजुराचं शव गावी पाठवायला चार ऑफिसांचे उंबरे झिजवणारा हा माणूस. त्याच्या हॉलमध्ये शुक्रवारी बिर्याणी असायची, एसी असायचा, आणि आपल्या भाषेत ‘कशी आहेस’ विचारणारं कुणीतरी असायचं. लंकेच्या बायांसाठी ते कुणीतरी म्हणजे लीना.

श्रीयानी आली ती सुजलेला गाल घेऊन. वय असेल अडतीस. मुहर्रकमध्ये सुहा नावाच्या बहारीनी बाईकडे घरकामाला होती. सुहा स्वतः तिला गाडीतून दवाखान्यात घेऊन आली आणि दाढ निघेपर्यंत बाहेर बसून राहिली, म्हणजे मालकीण बरी होती. डॉक्टर भुलीचं इंजेक्शन देत असताना लीनानं श्रीयानीचा हात धरला आणि सिंहलीत म्हणाली, ‘‘घाबरू नकोस, नंगी.’’ नंगी म्हणजे धाकटी बहीण. आपल्या भाषेतला तो शब्द ऐकून दाढेचं दुखणं विसरून बाई रडायला लागली. त्या दिवसापासून लीना तिची अक्का झाली. आठवड्याभरानं टाके काढायला ती आली, तेव्हा लीनानं तिला शुक्रवारचं बोलावलं. ‘‘प्रार्थनेला ये असं नाही, जेवायला ये,’’ असं म्हणाली. आता ही भाकर नव्हे तर काय? पण तेव्हा लीनाला ते सुचलं नाही.

त्या शुक्रवारी हॉलच्या पडद्यावर येशूच्या मरणाचं दृश्य लावलं होतं. आवाज इंग्रजीत. श्रीयानी पहिल्या रांगेत, लीनाच्या शेजारी. तिला कथा ठाऊक नव्हती. तिनं पाहिलं ते एवढंच, की एका माणसाला खिळे ठोकताहेत आणि खाली त्याची आई उभी आहे. श्रीयानीनं दोन्ही हात छातीशी घेतले आणि ओरडली, ‘‘अने पव! अने पव!’’ डोळ्यांतून धारा.

राजननं पुढून विचारलं, ‘‘सिस्टर काय म्हणतात?’’

लीनानं आपली युक्ती लावली. पव म्हणजे पाप. दुसरं काय असणार? अने म्हणजे अरेरे, हे तर तिला माहीतच होतं. ती उभी राहिली आणि इंग्रजीत म्हणाली, ‘‘ती म्हणतेय, अरेरे, माझं पाप!’’

हॉलमधल्या इतर लंकन बायांना तेवढं इंग्रजी येत नव्हतं. सगळा हॉल हालेलुयानं दणाणला. पहिल्याच दिवशी, कुणी काही शिकवलं नसताना, बुद्धाच्या देशातल्या एका बाईला पापाची जाणीव झाली होती! राजनचे डोळे भरून आले. लोक श्रीयानीभोवती जमले, कुणी तिच्या डोक्यावर हात ठेवला, कुणी पाणी दिलं. श्रीयानीला एवढंच कळलं की आपण रडलो आणि सगळे मायेनं जवळ आले. तिच्या आयुष्यात असं फार वेळा झालं नव्हतं.

पाच महिन्यांनी तिचा बाप्तिस्मा झाला. आदल्या दिवशी तिनं लीनाला विचारलं, ‘‘अक्का, घेऊ? अम्माला राग तर येणार नाही?’’

‘‘तुझी मर्जी,’’ लीना म्हणाली. ‘‘आईला मान दे असंच आमच्याकडेही शिकवतात.’’ तिच्या मते तिनं जबरदस्ती केली नव्हती.

बाप्तिस्म्यानंतर साक्ष द्यायची असते, म्हणजे आपल्या आयुष्यात देवानं काय केलं ते सगळ्यांपुढं सांगायचं. श्रीयानी ओल्या केसांनी माइकपुढं उभी राहून सिंहलीत बोलली आणि लीना वाक्यावाक्याला इंग्रजी करत गेली. शेवटी श्रीयानी म्हणाली, ‘‘त्या दिवशी मी त्याला पडद्यावर पाहिलं आणि मला अम्मा आठवली. अने पव.’’ लीनानं सांगितलं, ‘‘त्या दिवशी मी क्रुसाकडे पाहिलं आणि मला माझी आई आठवली. अरेरे, केवढं हे पाप!’’ आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला तो जाणूनबुजून, असं म्हणतात. लीनानं केला तो अगदी भाबडेपणानं. दोन मोबाइलवर त्याचा व्हिडिओ निघाला; पुढं फिरवताना सिंहली कापून नुसती लीनाची इंग्रजी वाक्यं ठेवली.

ज्या दिवशी लीनाला खरा अर्थ कळला तो दिवस तिला तारखेनिशी लक्षात राहिला. मुहर्रकच्या एका गल्लीत ती श्रीयानीला सुहाच्या घरी सोडायला गेली होती. जुन्या घराच्या भिंतीला लागून एक लंगडं मांजर बसलं होतं, मागचा पाय लोंबकळत असलेलं. श्रीयानी थबकली आणि म्हणाली, ‘‘अने पव!’’

लीना हसली. ‘‘मांजरानं कसलं पाप केलं गं?’’

श्रीयानी तिच्याकडे बघतच राहिली. मग मोडक्या हिंदीत समजावू लागली. नाही, नाही अक्का. पव म्हणजे पाप, ते खरंच. पण ‘अने पव’ म्हणजे तसं नाही. कुणाचं दुःख बघवत नाही ना, तेव्हा म्हणतात. मांजराला, भिकाऱ्याला, तापलेल्या पोराला. ‘‘बिचारा,’’ हा हिंदी शब्द तिला शेवटी सापडला. ‘‘बिचारा, बिचारा. समझा?’’

लीनाला समजलं. ही बाई कधी पापावर रडलीच नव्हती. तिला त्या टांगलेल्या माणसाची कीव आली होती, आणि त्याच्या आईला बघून लांब राहिलेली आपली आई आठवली होती. बिचारा, बिचारी, एवढंच ती म्हणाली होती. बौद्ध आईनं लहानपणापासून जे शिकवलं, तेच तिच्या तोंडून आलं होतं. बाकी सगळं लीनानं घातलेलं.

घरी येऊन तिनं नवऱ्याला सांगितलं. जयप्रकाश विमानतळावर कार्गोत होता, कमी बोलणारा आणि बोलला तर मुद्द्याचं बोलणारा. तो म्हणाला, ‘‘ती खूश आहे ना?’’

‘‘आहे.’’

‘‘मग आता कशाला उकरतेस? झाकली मूठ सव्वा लाखाची.’’

लीनानं मूठ झाकून ठेवली. श्रीयानी खरोखरच खूश होती. मोबाइलवर सिंहली उपासना ऐकायची, कणीक मळताना गाणी म्हणायची. सुरुवात चुकली असेल, पण आता ती राहते आहे ती बिर्याणीसाठी नव्हे, असं लीना मनाशी म्हणायची, आणि हे वाक्य आपल्या वडिलांचं आहे हे आठवून तिला बरंही वाटायचं.

मग राजननं लंकेला जायचं ठरवलं. ईदच्या सुट्टीत पाच जण, नऊ दिवस. कुरुणेगलजवळच्या श्रीयानीच्याच गावात म्हाताऱ्या माणसांसाठी मोफत चष्म्यांचं शिबिर घ्यायचं आणि चष्म्याबरोबर एक पत्रक द्यायचं. पत्रकावर श्रीयानीचा फोटो आणि तिची साक्ष, सिंहलीत छापलेली. गावची मुलगी, गावच्या भाषेत. राजनला वाटत होतं की याहून चांगली गोष्ट असूच शकत नाही. श्रीयानीनंही आनंदानं हो म्हटलं. अम्माला चष्मा मिळणार होता.

लीनाला मात्र ते खटकलं. ती म्हणाली, ‘‘पास्टर, चष्म्यांबरोबर कागद कशाला? चष्मे द्या आणि या परत.’’

‘‘चष्म्यानं दिसेल, सिस्टर. पण बघायचं काय ते कोण सांगणार?’’

‘‘त्यांचं त्यांना आहे की बघायला. हजारो वर्षांचं.’’

राजन हसला. त्यात कुचेष्टा नव्हती. ‘‘तुमच्या पणजोबांनाही त्यांचं होतंच. कुणीतरी आलं, म्हणून आज तुम्ही इथं उभ्या आहात.’’

तिला आपलं मूळ नाकारता येईना आणि राजनचं म्हणणं गळी उतरेना. तेवढ्यात त्यानं साक्षीचा इंग्रजी मजकूर मागितला, कोलंबोच्या छापखान्यात पाठवायला. दोन दिवस लीना लॅपटॉप उघडून बसत होती. एक वाक्य बदललं की संपलं असतं. पण ते वाक्य बदललं, की पहिल्या दिवसाचा चमत्कार खोटा ठरणार आणि सगळ्या मंडळीपुढं लीना साळवे, सतरा वर्षांची दुभाषी, मूर्ख ठरणार. शिवाय व्हिडिओ तर आधीच फिरत होता. तिनं मूग गिळले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी, दवाखान्यात निघायच्या आधी, होतं तसं पाठवून दिलं. राजननं ते ‘जरा नीटनेटकं’ केलं. कोलंबोच्या माणसानं त्या इंग्रजीचं पुन्हा सिंहली केलं. बिचाऱ्या श्रीयानीचं मूळ सिंहली वाक्य कुणाकडेच नव्हतं.

ते पाच जण परत आले. शुक्रवारी पडद्यावर फोटो दाखवले. शाळेचं मैदान, रांगेत बसलेले म्हातारे, पांढऱ्या वस्त्रातल्या बायका. पौर्णिमेचा दिवस निवडला होता, कारण त्या दिवशी सगळं गाव विहारात येतं आणि तिथून मैदान जवळ. एका फोटोत एक सुरकुतलेली बाई नवा कोरा चष्मा लावून हातातलं पत्रक डोळ्यांसमोर धरून वाचत होती.

‘‘अम्मा!’’ श्रीयानी ओरडली आणि टाळ्या वाजवत उभी राहिली. हॉलभर टाळ्या पडल्या. कितीतरी वर्षांनी त्या म्हातारीला अक्षर दिसत होतं. लीनानंही टाळ्या वाजवल्या. पण फोटोतल्या त्या तोंडाकडे तिचं लक्ष गेलं आणि हात आपोआप थांबले. ते तोंड आनंदाचं नव्हतं.

श्रीयानी दर रविवारी घरी फोन करायची. त्या रविवारी अम्मा फोनवर आली नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. थोरल्या भावानं, अय्यानं, सांगितलं की ती बोलणार नाही, आणि पत्रकाचा फोटो पाठवला.

सुहाच्या मुलीच्या दातांना तारा लावल्या होत्या. तिला घेऊन श्रीयानी दवाखान्यात आली आणि मुलगी खुर्चीवर बसताच लीनाला बाजूला घेतलं. मोबाइल पुढं केला. आपल्याच फोटोखालची ओळ तिनं वाचून दाखवली आणि मग हिंदीत अर्थ सांगितला. क्रुसाकडे पाहिलं आणि मला कळलं, की माझी आई पापात जगते आहे.

‘‘अक्का, हे मी म्हटलं?’’

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच आठवत नव्हतं आणि ती खरंच विचारत होती. जगात एकच माणूस याचं उत्तर देऊ शकत होतं. आत डॉक्टर हाका मारत होते, बाहेर दोन पेशंट खोळंबले होते. लीना त्या क्षणी नाही म्हणाली असती, तर ही गोष्ट इथंच संपली असती.

‘‘हो,’’ लीना म्हणाली. ‘‘तूच म्हणालीस.’’ आणि मग, श्रीयानीचा चेहरा बघवेना म्हणून, तिनं जोडलं, ‘‘कधी कधी आपल्याला कळतही नाही गं. पवित्र आत्मा आपल्या तोंडून बोलतो.’’

श्रीयानीनं ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग तिनं मान हलवली. ‘‘तोच असणार,’’ ती हळूच म्हणाली. ‘‘मी अम्माबद्दल असं कधी बोलले नसते.’’

त्या संध्याकाळी जयप्रकाशनं सगळं ऐकून घेतलं आणि जेवणाचं ताट सरकवलं. ‘‘लीना, मी मूठ झाकायला सांगितलं होतं. आता उघड. आता तिच्या आईचा प्रश्न आहे.’’

‘‘सांगते.’’

‘‘कधी?’’

‘‘इंशाल्ला, या शुक्रवारी.’’

त्या शुक्रवारी राजनला ताप होता. पुढच्या शुक्रवारी नाताळच्या नाटकाची तालीम. मग मुलीची, सावनीची, ईसा टाउनच्या शाळेत परीक्षा. एकदा लीनानं अम्मासाठी सिंहलीत व्हॉइस मेसेज रेकॉर्डही केला. अम्मा, तुमची मुलगी असं म्हणाली नाही, चूक माझी, मी दुसऱ्या देशातली आहे. तीन वेळा पुसून पुन्हा केला. सावनी दारातून ऐकत होती. ‘‘जस्ट सेंड इट, मम्मा,’’ ती म्हणाली. लीना म्हणाली, ‘‘व्याकरण चुकतंय.’’ सतरा वर्षांत पहिल्यांदा तिला व्याकरणाची काळजी वाटली.

पाच महिने गेले. श्रीयानी दर रविवारी फोन करत होती आणि अय्या दर रविवारी तेच सांगत होता. अम्मानं चष्मा काढून फडताळावर ठेवला होता, तो पुन्हा लावला नाही. तिचं मूत्रपिंडाचं दुखणं जुनंच, ते बळावत गेलं. आणि एका मंगळवारी सकाळी ती गेली.

सुहा म्हणाली, ‘‘जा. तिकिटाचं मी बघते.’’ पण अय्यानं फोनवर सांगितलं, ‘‘येऊ नकोस. पापी आईच्या मयताला तुझं काय काम?’’ श्रीयानी गेली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं सुहाच्या गच्चीवरच्या सगळ्या चादरी धुतल्या, स्वच्छ असलेल्यासुद्धा. शुक्रवारी राजननं तिला पुढं बोलावलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सद्गदित होऊन म्हणाला, ‘‘आईपेक्षाही प्रभू मोठा, हे आपण सगळे तोंडानं म्हणतो. आमच्या या बहिणीनं ते जगून दाखवलं.’’ ते वाक्य सिंहलीत सांगायचं काम लीनाचं होतं. तिनं ते सांगितलं. श्रीयानीनं ऐकलं आणि हात जोडले.

मे महिना उजाडला. दवाखाना दुपारी बंद असतो, तेव्हा लीना मुहर्रकला गेली होती आणि श्रीयानीला गाडीत घेऊन समुद्राकडेला थांबली होती. बाहेर ऊन असं, की माणूस दिसत नव्हतं. एसीच्या आवाजात श्रीयानी म्हणाली, ‘‘शनिवारी अम्माचं तीन महिन्यांचं दान आहे.’’ त्यांच्याकडची रीत अशी, की माणूस गेल्यावर सातव्या दिवशी आणि तीन महिन्यांनी भिक्षूंना जेवण द्यायचं आणि त्याचं पुण्य गेलेल्याला अर्पण करायचं. ‘‘सगळ्या मुलांची नावं घेतील. माझं नाही घेणार.’’ मग ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, ‘‘चालेल. त्यानं मला निवडलं ना. नाहीतर माझ्या तोंडून ते कसं आलं असतं?’’

आणि लीनाला ते सहन झालं नाही. तिनं सांगून टाकलं. अने पव. मांजर. पहिला दिवस, साक्ष, इंग्रजी कागद, आणि दवाखान्यातलं ते ‘हो’. सगळं. सिंहली संपली की हिंदीत, हिंदी संपली की मराठीत रडत. श्रीयानी तिच्याकडे पाहत होती. दवाखान्यात भूल उतरायच्या आधी पेशंट असाच पाहतो.

‘‘म्हणजे तो बोलला नाही,’’ ती शेवटी म्हणाली. ‘‘तू बोललीस.’’

‘‘हो.’’

श्रीयानीनं मोबाइल काढला आणि अय्याचा नंबर लावून लीनाच्या हातात दिला. ‘‘सांग.’’

लीनानं सांगितलं. व्याकरण चुकत गेलं, लिंग-वचन चुकत गेलं, पण अय्याला सगळं कळत होतं, कारण तो मध्येच विचारत होता, ‘‘मग पत्रक कुणी लिहिलं?’’ ‘‘मी.’’ ‘‘आणि तुम्हाला ठाऊक होतं?’’ ‘‘होतं.’’ मग तो म्हणाला, ‘‘नंगीला सांगा, शनिवारी तिचं नाव घेऊ.’’ आणि फोन ठेवला.

‘‘घेणार आहेत!’’ लीना म्हणाली. तिनं श्रीयानीचे दोन्ही हात धरले. ‘‘अगं, तुझं नाव घेणार आहेत!’’

श्रीयानीनं हात सोडवून घेतले, सावकाश, राग न दाखवता.

‘‘पाच महिने अम्मा बोलत नव्हती,’’ ती म्हणाली. ‘‘तेव्हा मी त्याच्याशी बोलत होते, अक्का. रोज. भांडी घासताना, मुलीला शाळेच्या बसमध्ये बसवताना. तू माझ्या तोंडून बोललास ना, मग आता तूच मला सांभाळ, असं म्हणायचे. अम्मा गेली तेव्हाही मी पडले नाही, कारण तो होता. आता कुणाशी बोलू?’’

‘‘तो आहे गं. चूक माझी होती. त्यानं...’’

‘‘खलास, अक्का.’’ तिनं डोळे पुसले नाहीत, कारण ते कोरडेच होते. ‘‘तू मला तेव्हाच सांगितलं असतंस तर अम्मा मिळाली असती. आणि कधीच सांगितलं नसतंस, तर तो तरी राहिला असता. आज का सांगितलंस?’’

श्रीयानीला ओढून आणताना तिला वाटलं होतं की हे तिच्या भल्यासाठी आहे, आणि आता खरं सांगतानाही तेच वाटलं होतं. उत्तर तिला माहीत होतं. आपल्याला झोप लागत नव्हती म्हणून.

सुहाच्या मुलीची शाळेची बस यायची वेळ झाली होती. श्रीयानी गाडीचं दार उघडून उतरली आणि त्या उन्हात डोक्यावर ओढणी घेऊन सुहाच्या घराकडे चालू लागली. लीनानं तिला हाक मारली नाही.